कॅसेटला भाव नाय

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी आत्ताच पुढे सरका.

सकाळी मासळी घ्यायला बाजारात गेले होते. येताना एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्यात एक भलीमोठी छत्री पालथी घातलेली. पावसाची नव्हे, केबलची, ती जाळीवाली. आधी लक्षात आलं नाही, पण तिच्याखाली एक बोर्ड दिसला, निळ्यावर पिवळी अक्षरं, त्यातलं शेवटचं अक्षर कधीचंच पडलेलं, आणि पोटात गोळाच आला. आमच्या गावच्या केबल चॅनलचा बोर्ड. नाव लिहीत नाही. खाडीकाठच्या आमच्या चार गावांना ते लिहायची गरज नाही आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

भंगारवाल्याला विचारलं, हे कुठलं? म्हणे, ऑफिस खाली करतायत, मालकाने सगळं एकदम काढलं. कुठला मालक? ते त्याला माहीत नाही. त्याला काय बोलणार, आम्हालाच कुठे धड माहितेय, आत्तापर्यंत पाच झाले.

टेम्पोच्या कोपऱ्यात खताची गोणी होती, तोंड उघडं, आत कॅसेटी. व्हीएचएसच्या, त्या जाड काळ्या. मी हात घातला तर तो हसून म्हणतो, "ताई, छत्रीला भाव हाय, वायरीला हाय, कॅसेटला भाव नाय. न्यायच्या तर न्या फुकट."

मी आणल्या. स्कूटीच्या पुढ्यात गोणी, वर बांगड्याची पिशवी. घरी नवरा म्हणाला आता हे काय नवीन. त्याला काय सांगू, तो पडला घाटावरचा.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा मागे जाते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं असं पुस्तकात असतं, पण आमच्या गावात ते पोचायला किती वर्षं लागली आणि पोचलं तरी काय दिसायचं ते विचारू नका. आमचं गाव बशीसारखं, चारी बाजूंनी डोंगर. पोफळीच्या उंच काठीला अँटेना बांधायची, एकाने कौलांवर चढायचं, एकाने अंगणात आणि एकाने टीव्हीसमोर, आणि "आलं का? आलं का?" "मुंग्या!" "आता?" "थांब, गेलं परत!" अर्धा कार्यक्रम ह्यातच संपायचा.

मग आखाती युद्धानंतर मुंबईत घराघरात केबल गेली, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी सुरू झालं (चॅनलवाल्यांना झेंड्याचे मुहूर्त फार आवडतात, अल्फा मराठी पण बघा, १५ ऑगस्ट १९९९), आणि आमच्या गावातला रेडिओ-टीव्ही रिपेर करणारा एक माणूस कर्ज काढून ती छत्री घेऊन आला. आम्ही सगळे त्याला अण्णाच म्हणायचो. छत्री ट्रकमधून उतरली तेव्हा शाळा सुटलेली होती आणि आम्ही पोरं दप्तरासकट तिच्यामागून चालत गेलो, एखाद्या गणपतीच्या मागून जावं तसं. माडांवरून काळ्या वायरी टाकल्या. महिना साठ रुपये. आमच्याकडे पहिल्या वर्षी नाही घेतलं, बाबा म्हणाले साठ रुपयात काय काय येतं तुम्हाला माहितेय का.

बाहेरची चॅनलं दाखवून झाल्यावर अण्णाकडे एक जागा रिकामी राहिली, तिथे त्याने व्हीसीआर जोडला आणि तेच आमचं चॅनल झालं. शुक्रवारी रात्री नवा पिक्चर (हो, चोरीचा. अण्णा काय संत नव्हता, आणि करमणूक कराचा साहेब आला की सहाशे पॉइंटचे, म्हंजे जोडलेल्या घरांचे, कागदावर दोनशे व्हायचे हे पण सगळ्या गावाला ठाऊक होतं). पण बाकी दिवस खाली पट्टी फिरायची. नळाला पाणी उद्या येणार नाही. अमक्या वाडीत भजनाची डबलबारी. तमक्यांची तांबडी गाय सोमवारपासून दिसत नाही, कपाळावर पांढरा ठिपका. कोण गेलं, किती वाजता नेणार. मुंबईच्या कुठल्याही चॅनलने आमच्या गायीची बातमी दिली असती का?

आणि शिमगा.

शिमगा १९९७. आमच्या आजीचं त्या माघात खुब्याचं हाड मोडलं होतं. न्हाणीत घसरली. ओटीवरच्या खोलीत खाटेवर पडून, पायाला वजनं लावलेली. पालखी घरी येते ती वेगळी गोष्ट, ती तिला मिळणारच होती, पण होमाच्या रात्री सहाणेवर, म्हंजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, दोन बहिणींच्या पालख्यांची भेट होते ती आजीने लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकवली नव्हती. पन्नास-बावन्न वर्षं तरी झाली असतील. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. पेज आणून ठेवली की तोंड भिंतीकडे.

हे बाबा कुठेतरी टपरीवर बोलले असणार, अण्णाच्या कानावर गेलं. त्याने काय केलं तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पोराचा कॅमेरा मागितला, सहाणेपासून ऑफिसपर्यंत माडामाडांवरून एक वायर ओढली आणि त्या रात्री आमच्या गावची पालखी टीव्हीवर लाइव्ह दाखवली. लाइव्ह हा शब्द आम्हाला माहीत पण नव्हता. अण्णा म्हणायचा "डायरेक्ट". चित्र मधूनच हिरवं व्हायचं, ढोलांचा आवाज फाटत होता, कॅमेऱ्यासमोर सारखं कोणाचं तरी डोकं यायचं आणि मागून अण्णाचा आवाज, "ए बाजूला हो रे, म्हातारीला दिसत नाय!"

म्हातारी म्हंजे आमची. अख्ख्या चार गावांच्या टीव्हीवर.

आजीने आईला हाक मारली, तांदूळ, नारळ, हळदकुंकू, खण सगळं आणायला लावलं आणि टीव्ही खाटेजवळ ओढायला लावला. पालख्या एकमेकींना भिडल्या तेव्हा तिने पडल्यापडल्या हात लांब करून टीव्हीच्या काचेला कुंकू लावलं. ओटी टीव्हीसमोर भरली. गुरवाचं गाऱ्हाणं चालू झालं आणि ही इकडे खाटेवरून "व्हय महाराजा" म्हणत होती, प्रत्येकाला, एक पण चुकवला नाही. आम्ही पोरं हसायला लागलो तर आईने एकेकाला फटके दिले. ते कुंकू आईने पालखी देवळात परत बसेपर्यंत पुसलं नाही, बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर रोज संध्याकाळी लाल डाग.

दुसऱ्या महिन्यात अण्णा स्वतः पैसे न्यायला आला तेव्हा ती कॅसेट दाखवायला घेऊन आला होता. तिच्या कडेला एक बारीक प्लास्टिकची खुट्टी असते, ती त्याने आमच्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने मोडली. म्हणाला, "काकू, ही मोडली की ह्याच्यावर दुसरं रेकॉर्डिंग होत नाय. आता कोणाचा बाप आला तरी पुसता यायची नाय." आजीने त्या महिन्याचे साठाच्या जागी शंभर दिले. अण्णाने चाळीस परत केले, तिने परत त्याच्या खिशात कोंबले.

असो. मी मालकांबद्दल लिहीत होते.

२००० च्या आसपास खालच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने दुसरी छत्री बसवली आणि गावात केबलयुद्ध सुरू झालं. रात्री वायरी कापायच्या. सकाळी उठावं तर ह्यांच्या मुंग्या, दुपारी त्यांच्या. तोपर्यंत ईटीव्ही मराठी आलं होतं, बायका मालिकांना लागल्या होत्या, त्यामुळे वायर कापली की घराघरातून शिव्या दोघांना मिळायच्या. दोन वर्षांत अण्णा कर्जात गेला आणि विकून मोकळा झाला. कसं विकतात माहितेय? पॉइंटवर. तुमच्याकडे इतके पॉइंट, दर पॉइंटला इतके, गुणाकार करा, घ्या पैसे. छत्री, मशिनं, वायरी, सगळ्यांची यादी झाली होती. कॅसेटी यादीत नव्हत्या, कपाट यादीत होतं.

त्या व्यापाऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट लिहायलाच पाहिजे नाहीतर माझीच आई फोन करेल. त्याने अण्णाला पगारावर ठेवलं. आणि २६ जुलै २००५ नंतर, लाइट परत आली तेव्हा, ज्याचा ज्याचा मुंबईला फोन लागला त्याने येऊन अण्णाला सांगायचं आणि अण्णा कॉम्प्युटर बंद पडला होता म्हणून वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. अमक्याचा मुलगा दादरला आहे, सुखरूप. तमक्याची सून ऑफिसातच थांबली होती, घरी पोचली. आमच्या गावातल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी मुंबईत असतं, हे कळण्यासाठी तुम्ही इथलेच असायला पाहिजे. रात्री दहापर्यंत लोक जेवणं सोडून कागद वाचत बसले होते. माझा भाऊ पण एका कागदावर होता, त्याचं नाव अण्णाने चुकीचं लिहिलं होतं.

मग तिसरा मालक. इथून मला राग येतो. त्याला केबलशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला पट्टी पाहिजे होती. पुढे इलेक्शन होतं. नळाला पाणी नाही हे पट्टीवर यायचं बंद झालं कारण पाणी कोण सोडतं, साहेबांची माणसं. गाय हरवायची बंद झाली. वाढदिवस सुरू झाले. साहेबांचा वाढदिवस, साहेबांच्या मुलाचा, साहेबांच्या ड्रायव्हरचा पण झाला एकदा, हसू नका खरं सांगतेय. शिमगा दाखवायचे पण पालखीच्या पुढे साहेब, साहेबांच्या गळ्यात हार, पालखी कुठेतरी कोपऱ्यात. अण्णा सोडून गेला. काढला की सोडलं ते त्याने कधीच सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल मालक बदलणारच, धंदा आहे. हो, मान्य, बदलतात. ईटीव्ही मराठी हैदराबादच्या रामोजी रावांचं होतं, ते विकलं गेलं आणि २०१५ ला त्याचं कलर्स मराठी झालं. २००७ चा स्टार माझा २०१२ ला एबीपी माझा झाला, आयबीएन लोकमतचं न्यूज१८ लोकमत झालं. लोकांना काही फरक पडला नाही, रिमोटवरचं बोट तेच. पण त्यांची जुनी रेकॉर्डिंगं कोणी फेकून देत नाही कारण त्यांचे पैसे येतात. सरकारी सह्याद्री वाहिनी सुद्धा आपलं जुनं काढून यूट्यूबवर टाकते, आणि मी बसते बघत रात्री. आमच्या अण्णाच्या कपाटात जे होतं त्याचा गिऱ्हाईक जगात कोण? आम्हीच चार गावं. आणि आमच्याकडे कोणी मागितलं पण नाही आणि आम्ही पण विचारलं नाही.

खोटं. मी विचारलं होतं.

२०१३ ला बाबा गेले. बाबा फोटोत नसायचेच. लग्नकार्यात कायम वाढायला, नाहीतर आचाऱ्याजवळ, नाहीतर कॅमेऱ्याकडे पाठ. दिवसकार्यात लावायला फोटो शोधताना रेशनकार्डावरचा मोठा करून घ्यावा लागला, आणि तो बघून माझी मुलगी म्हणाली हे आजोबांसारखे दिसत नाहीत. तेव्हा मला आठवलं की त्या शिमग्याच्या रात्री पालखीच्या दांड्याला बाबा होते. आजीचं कुंकू लावून कधीच झालं होतं आणि आई ओरडली होती, "अहो बघा, हे बघा!" घामाने निथळलेले, टोपी एका कानावर, पालखी डोक्याएवढी उचलून नाचवत होते. बाबा. नाचत होते. आम्ही त्यांना नाचताना त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतर पण नाही.

गेले मी ऑफिसात. टेबलावर पाय टाकून एक पोरगा बसला होता, म्हणे जुन्या कॅसेटी असतील कुठेतरी, पण ताई त्यांच्यावर साहेबांच्या सभा घेतल्या असतील, नवीन कॅसेट कोण आणतंय. मी म्हटलं ती पुसता येत नाही, तिची खुट्टी मोडलेली आहे. तो हसला. "सेलोटेप लावला की होते ताई."

मी काही न बोलता घरी आले. तेव्हाच भांडायला पाहिजे होतं. कपाट उघडायला लावायला पाहिजे होतं. भाऊ म्हणाला कुठे त्यांच्या नादी लागतेस, आणि मला पण ते पटलं कारण सोपं होतं.

चौथा मालक आम्ही बघितलाच नाही. डिजिटल आलं. कायदा २०११ ला बदलला, आमच्यासारख्या खेड्यांची पाळी शेवटची, ३१ मार्च २०१७ पर्यंत बॉक्स लावा नाहीतर अंधार. चांगलंच झालं म्हणतात, चित्र स्वच्छ आलं, आणि सहाशेचे दोनशे करता येईनात, त्याच्यासाठीच तर आणलं होतं ते. पण त्यात गावातल्या छत्रीची गरजच संपली. सगळं वरून फायबरने यायला लागलं, वरून म्हंजे मुंबईहून की पुण्याहून ते पण कोणाला माहीत नाही, आणि आपलंच चॅनल आपल्याच गावात दाखवायचं तर त्या वरच्या कंपनीशी बोलणी करायची, नंबर मागायचा. नंबर मिळाला पण सहा महिन्यांनी बदलला, परत बदलला, आई रिमोट घेऊन शोधत बसायची. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन दर, शंभर चॅनलला १३० रुपये आणि वर जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे. चाळीस पैशांचं काय करायचं हे त्या कलेक्शनच्या पोराला पण माहीत नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि माडच पडले तर वायरी कुठे राहणार. आमच्याकडे लाइट यायलाच आठवडे गेले, तोपर्यंत केबलचं नाव कोण काढतंय. त्यानंतर पाचवा मालक, त्याने ब्रॉडबँड सुरू केलं, चॅनल नाहीच. त्याच्याबद्दल वाईट लिहायला मला काही सापडत नाहीये, नेट चांगलं चालतं. ही पोस्ट त्याच्यावरूनच जाणार आहे.

आणि सगळं मालकांवर ढकलून मी झोपले तर माझ्यासारखी लबाड मीच. २००९ ला आम्ही स्वतः केबल तोडून घरावर छोटी छत्री लावली, कंपनीची. अण्णा रस्त्यात भेटला तेव्हा मी नजर चुकवली. गावचं चॅनल म्हटलं की आम्ही कॉलेजात असताना किती टिंगल करायचो, ते हिरवं चित्र, ते "म्हातारीला दिसत नाय". पुण्याच्या मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे मी. आजी तेव्हा जिवंत होती.

अण्णा पण गेला, लॉकडाऊनच्या आधी. कोणत्याच पट्टीवर आलं नाही. व्हॉट्सॲपला कोणीतरी टाकलं आणि खाली हात जोडलेले बावीस हात आले.

आता गोणी. दुपारी अंगणात गोणपाटावर सगळ्या मांडल्या. एकतीस आहेत. पाचसहांच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसतेय, आपली हवा, दुसरं काय होणार. लेबलं अण्णाच्या अक्षरात, निळं बॉलपेन. डबलबारी. शाळेचं गॅदरिंग. नमन, खालची वाडी. पूल उद्घाटन. एकावर नुसतंच "पाऊस" असं लिहिलंय, हे काय असेल कोण जाणे. दोनांवर साहेबांचं नाव, ती बाजूला काढली, मग म्हटलं असू दे, परत रांगेत ठेवली.

आणि एकावर "शिमगा ९७ पालखी भेट". त्याच्यावर काळ्या मार्करने आडवी रेघ मारून "सभा" लिहिलंय.

कडेची खुट्टी मोडलेली आहे. त्या भोकावर सेलोटेप आहे, पिवळा पडलेला, नखाने काढला तर भुगा झाला.

मी तासभर ती मांडीवर घेऊन बसले होते. कॅसेट तीन तासांची आहे, लेबलवर १८० लिहिलंय. साहेब कितीही बोलला तरी तीन तास बोलला नसेल, बोललाच असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार. आणि बाबांनी दांडा घेतला तो भेटीच्या नंतर, बराच उशिरा. आईला विचारलं, ती म्हणते बारा वाजून गेले होते, आजीला दूध देऊन झालं होतं. म्हंजे कॅसेटच्या शेवटाकडे असणार. असू शकतं. फिरकीच्या एका बाजूला टेप जास्त आहे, म्हंजे कोणीतरी मध्येच थांबवलंय आणि मागे गुंडाळलेली नाही, मी काहीच उघडलेलं नाही, फिरवलेलं नाही.

तर कोणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर प्लीज सांगा. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, महाड कुठेही, मी येऊन जाईन, मुंबईला पण येईन. मित्राने सांगितलंय की बुरशी आलेली कॅसेट तशीच लावायची नाही, मशिनचं हेड खराब होतं, म्हणून आधी साफ करून देणारं कोणी माहीत असेल तर ते पण. ह्या एका कॅसेटवर बुरशी कमी आहे. कमेंटमध्ये नको, मेसेज करा, आईचं पण फेसबुक आहे आणि तिला मी अजून सेलोटेपचं सांगितलेलं नाही, त्यामुळे बघितलंस तर आई, फोन करू नको, मी रात्री येते.